अडकित्ता, नरसाळं आणि दोन संग्रहालयं

भोर तालुक्यात भाटघर धरणाच्या पाण्याकडेला आमची दोन शिक्षकी शाळा आहे. पहिली ते पाचवी, मिळून 31 मुलं. हे प्रकरण त्यातल्या तिसरी ते पाचवीच्या 19 मुलांचं आणि त्यांनी साधारण वर्षभरात केलेल्या तीन फेऱ्यांचं आहे. पहिली फेरी पार वाया गेली आणि तिचं सगळं नियोजन माझंच होतं. पुढच्या दोन फेऱ्यांत जे जमलं, ते पहिलीत काय बिघडलं हे कळल्याशिवाय समजणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पहिली सहल

डिसेंबरातला दिवस. पहाटे सहाला गाडी सुटली. सकाळी शहरातलं एक विज्ञान केंद्र, दुपारी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मग शनिवारवाडा, मग सारसबाग, आणि रात्री नवाच्या आत घरी. गाडीचं भाडं एकदाच भरायचं, तर जितकं पाहून होईल तितकं पाहून घ्यावं, असा आमचा हिशेब. खेड्यातल्या प्रत्येक शाळेचा तोच असतो आणि तो पैशाच्या बाजूने बरोबरही आहे.

विज्ञान केंद्रात आम्ही सव्वा तास होतो. मुलं सुटलेल्या वासरांसारखी धावली. बटण दिसलं की दाबायचं, चाक दिसलं की फिरवायचं, काही हललं की पुढे पळायचं. काही हललं नाही तरी पुढेच पळायचं. दोन-तीन उपकरणं बंद होती. ती बंद आहेत हेसुद्धा बहुतेकांच्या लक्षात आलं नाही, कारण उपकरणाने काय करायला हवं हेच कुणी पाहत नव्हतं. चढावर आपोआप चढणारा दुहेरी शंकू तिथे होता. तोंडाला तोंड लावून जोडलेल्या दोन शंकूंची ही वस्तू दोन दांड्यांवर ठेवायची. दांड्या एका बाजूला जवळ आणि खाली, दुसऱ्या बाजूला फाकलेल्या आणि वर. शंकू खालच्या बाजूला ठेवला की तो वर गडगडत जातो. आमच्या सरांनी फोनवर केलेलं चार मिनिटांचं चित्रण माझ्याकडे आहे. त्यात नऊ मुलं शंकूपाशी येतात, ढकलतात आणि जातात. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त एकही थांबत नाही.

केळकर संग्रहालयात मी उलट टोक गाठलं. सकाळची धावाधाव पाहून घाबरले होते, म्हणून मुलांना ओळीत उभं करून हातात कार्यपत्रिका दिल्या. 40 रिकाम्या जागा. ‘पहिल्या दालनात ........ धातूचे दिवे आहेत.’ पाचवीतला एक मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. तो लेबल वाचायचा, गुडघ्यावर कागद ठेवून लिहायचा आणि पुढच्या लेबलाकडे सरकायचा. काचेमागची वस्तू बघायला त्याची मान एकदाही वर झाली नाही. त्याच्या 40 पैकी 36 जागा बरोबर भरलेल्या होत्या आणि त्या दिवशी मी त्याला शाबासकीही दिली.

दुसऱ्या दिवशी वर्गात ‘काय पाहिलं’ ते लिहायला सांगितलं. 19 कागदांपैकी 11 कागद प्रवासाचे आणि बागेचे होते. विज्ञान केंद्राविषयी ‘बटण दाबले की दिवा लागतो’ या धर्तीची वाक्यं. केळकर संग्रहालयाविषयी 14 जणांनी ‘जुन्या वस्तू पाहिल्या’ एवढंच लिहिलं होतं. चौथीतल्या एका मुलीचं वाक्य मात्र वेगळं होतं : ‘राजाचे संग्रहालय पाहिले पण राजा कोणता ते कळले नाही.’

राजा कोणता?

त्या वाक्याने मला थांबवलं. ही मुलगी तासभर त्या वाड्यात राजा शोधत होती आणि आपण तिला रिकाम्या जागा भरायला लावल्या.

मग वर्गात सांगायला बसले. दिनकर गंगाधर केळकर, जन्म 1896. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे. साधारण 1920 पासून त्यांनी लोकांच्या घरातल्या रोजच्या वापरातल्या वस्तू जमवायला सुरुवात केली : दिवे, कुलपं, अडकित्ते, भांडी, वाद्यं, दौती, दरवाजे. राजा हा त्यांचा मुलगा. तो लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव त्याचं आहे. संग्रह वाढत वाढत 20,000 वस्तूंच्या वर गेला. त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास एका वेळी मांडलेल्या असतात. 1975 साली केळकरांनी हे सगळं राज्य शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे सोपवलं. कोथरूडहून हलवून आणलेला मस्तानी महालही तिथेच उभा आहे.

वर्ग गप्प झाला होता. लहान मुलाच्या नावाचं घर म्हटल्यावर त्यांना ते आपल्या वयाच्या कुणाचं तरी वाटायला लागलं. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, “बाई, मंग त्यांनी आपल्या घरातल्यावानीच वस्तू जमवल्या का?” हो म्हटल्यावर दुसरा म्हणाला, “मंग आपण बी जमवू की.”

माझ्या डोक्यात तोवर असं काहीही नव्हतं. पुढचं सगळं या दोन वाक्यांतून निघालं.

मधले सहा आठवडे

शाळेच्या व्हरांड्यात एक जुनं बाक टेकवलं आणि मुलं घरून वस्तू आणायला लागली. नियम एकच : वस्तू कुणी वापरली, कशासाठी, हे घरी विचारून यायचं. पहिल्या आठवड्यात धान्याची मापं आली, कारण ती अजून बऱ्याच घरांत कणगीपाशी पडून असतात. चिपटं, मापटं, शेर, पायली. मुलांनी वाळू भरून पाहिली. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. सांगितलं काहीच नव्हतं, दुपटीचं गणित त्यांनी ओतूनच काढलं. मग दोन वेगळ्या घरांतले शेर शेजारी ठेवले, तर एकात दुसऱ्यापेक्षा मूठभर वाळू जास्त मावली. त्यावरून वर्गात खरोखरचं भांडण झालं : कुणाचा शेर खोटा? त्या भांडणाच्या जोरावर मला 1956 चा मापं-वजनांचा कायदा शिकवता आला. देशभर एकच किलो, एकच लिटर कशाला हवा होता, हे त्या मूठभर वाळूने आधीच पटवलं होतं. 1957 साली पैसाही दशमान झाला, रुपयाचे आणे जाऊन 100 नवे पैसे आले, हे त्यांनी आजोबांकडून ऐकून येऊन मलाच सांगितलं.

‘राजा कोणता’ विचारणाऱ्या मुलीने आजीचा अडकित्ता आणला. दांडे पितळेचे, पातं लोखंडी, वर्षानुवर्षांच्या वापराने मधे खोलगट झालेलं. पातं असल्यामुळे मी नुसता ठेवून द्यायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी आजी स्वतःच शाळेत आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारी, कनवटीला पिशवी. जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, “वस्तू नुस्ती ठिवून काय कळनार पोरांना?”

त्यांनी सुपारी लावली आणि कातरली. मग नातीचा हात धरून तिला करायला लावलं. तिने सुपारी पात्याच्या टोकाशी धरली. दोन्ही हातांनी दाबलं तरी कटेना. आजी म्हणाल्या, “पार आत सरकव, खिळ्यापाशी. टोकाला धरलीस तर निसटंल आन् कुनाच्या तरी डोळ्यात जाईल.” सुपारी आत सरकवली आणि तेवढ्याच जोराने कट्‌ असा आवाज आला. मग आजींच्या देखरेखीखाली एकेकाने टोकाशी आणि खिळ्यापाशी दोन्हीकडे करून पाहिलं.

त्यानंतर मोजपट्टी लावली. खिळ्यापासून हाताची पकड 12 सेंटिमीटरवर. सुपारी खिळ्यापासून 2 सेंटिमीटरवर धरली तर हाताचा जोर सहापट होतो. तीच 5 सेंटिमीटरवर, टोकाकडे नेली तर अडीचपटही होत नाही. पुस्तकात ही दुसऱ्या प्रकारची तरफ : टेकू एका टोकाला, भार मधे, बल दुसऱ्या टोकाला. हे वाक्य मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. या वेळी ते सर्वांत शेवटी लिहिलं, आणि ते वाचल्यावर एक जण म्हणाला, “म्हंजे आजीला हे आधीपासून ठावं होतं.” आजींना ते ‘ठावं’ कुठल्या अर्थाने होतं, यावर आम्ही बराच वेळ बोललो. माझं मत मी मुलांना सांगितलं : आजींना ते हातात माहीत होतं. आपण त्याला आता आकडा दिला.

दुसरी फेरी : एक घर, दोन दालनं

फेब्रुवारीत पुन्हा केळकर संग्रहालयात गेलो. या वेळी फक्त पाचवी आणि चौथीची 12 मुलं. गाडी ठरवायला पैसे नव्हते, म्हणून एसटीने. मुलांचं अर्धं तिकीट, बायकांचंही आता अर्धं, त्यामुळे खर्च आवाक्यात राहिला. सरांनी उरलेल्या मुलांची शाळा सांभाळली. आमच्याबरोबर दोन पालक होते आणि अडकित्तावाल्या आजी होत्या. त्यांना आम्ही बोलावलं नव्हतं, त्यांनीच विचारलं, “मी येऊ का?” कापूरहोळला गाडी हायवेला लागली तेव्हा त्यांनी खिडकीची जागा नातीला दिली. स्वारगेटला उतरून चालतच गेलो.

कार्यपत्रिका नव्हती. बाकीची दालनं बघायची नाहीत हे आधीच ठरलं होतं आणि मुलांनाही ते माहीत होतं. फक्त अडकित्ते आणि दिवे. प्रत्येकाकडे एक कोरा कागद, एक पेन्सिल. एकच वस्तू निवडायची, तिचं चित्र काढायचं आणि ती कशी चालत असेल ते बाणांनी दाखवायचं.

अडकित्त्यांच्या काचेपुढे मुलं किती वेळ थांबली असतील? मी घड्याळ लावलं होतं : 25 मिनिटं. कुणी थांबा म्हटलं नव्हतं. कुठे घोडा, कुठे पक्षी, कुठे स्त्री-पुरुषांची जोडी. डिसेंबरातही हे सगळं याच काचेमागे होतं. सुरुवातीला ती आकार मोजत होती. मग चौथीतला एक मुलगा, जो वर्गात फारसा बोलत नाही, काचेला नाक लावून म्हणाला, “बाई, घोडा असू दे नाय तर पाखरू, समद्यांचं तोंड आखूड आन् दांडं लांब.” सगळे परत पहिल्या अडकित्त्यापाशी गेले आणि एकेक तपासत आले. त्याचं म्हणणं खरं होतं. कारागिराने नक्षीत हवी तेवढी मौज केली होती, पण खिळ्यापासूनच्या अंतरांना हात लावला नव्हता. कारण तिथे चुकलं तर सुपारी कटणार नाही. ही गोष्ट मला स्वतःला त्या दिवसापर्यंत दिसलेली नव्हती. मी ते संग्रहालय त्याआधी निदान सहा वेळा पाहिलेलं आहे.

आजी थोड्या मागे, पाय घासायच्या वज्र्यांपाशी उभ्या होत्या. ठरलेल्या यादीत वज्री नव्हती. पण त्या बोलायला लागल्या आणि मुलं आपोआप तिकडे वळली. “ही वज्री. आमच्याकडं नुस्ता दगुड व्हता. शेतातनं आलं की टाचा घासायच्या. भेगा पडायच्या ना.” मग टाचांना भेगा का पडतात, चपला कधी आल्या, माहेरी नदीवर कुठल्या दगडावर बसायच्या, असं निघत गेलं. शहरातलं एक कुटुंब दोन मुलांना घेऊन आलं होतं. तेही थांबून ऐकू लागलं. त्यांच्या धाकट्या मुलीने आजींना विचारलं, “तुम्ही इथे काम करता का?” आजी लाजल्या. मला मात्र तो प्रश्न अगदी योग्य वाटला. त्या संग्रहातल्या वस्तू वापरलेली माणसं अजून आपल्यात आहेत. आणखी 20 वर्षांनी ती नसतील. शाळांनी संग्रहालयात जाताना गावातलं एक म्हातारं माणूस बरोबर न्यावं, असं मी आता भेटेल त्या शिक्षकाला सांगते.

एकूण पावणेदोन तास झाले. परतताना शनिवारवाड्याकडे वळलो नाही. एकानेही तक्रार केली नाही. दोन मुलं मात्र कंटाळली होती हेही नोंदवते. त्यांनी चित्रं अर्धवट सोडली, त्यांना अडकित्त्यात काही गंमत वाटली नाही. त्यातला एक पुढे विज्ञान केंद्रात फुलला, दुसऱ्यासाठी काय करावं हे मला अजून सापडलेलं नाही.

नरसाळं

विज्ञान केंद्राचं काय करायचं हा प्रश्न जास्त अवघड होता. तिथे तर सगळं हात लावण्यासाठीच असतं, मग मुलांच्या हाती काही का आलं नाही?

फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम काढलं, तेव्हापासून हाताळून शिकण्याची संग्रहालयं जगभर पसरली. आपल्याकडे कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक संग्रहालय त्याहूनही आधीचं, 1959 चं. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र 1985 साली खुलं झालं, नागपूरचं रमण विज्ञान केंद्र 1992 साली, मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र 2001 साली. या सगळ्यांमागची कल्पना फार मोलाची आहे : मुलाने स्वतः काही बदलावं, काय होतं ते बघावं, पुन्हा बदलावं. अडचण ‘पुन्हा’ या शब्दापाशी येते. गर्दीत, घाईत, शंभर उपकरणांच्या मधोमध मूल एकदा करतं आणि जातं. बटण असेल तर बदलायला फारसं काही नसतंच. आमच्या मुलांना अडकित्ता कळला, कारण सुपारी कुठे धरायची हे ती बदलू शकली, आणि त्यासाठी त्यांच्याकडे अख्खा दिवस होता.

म्हणून जून उजाडल्यावर आम्ही तो शंकू शाळेतच करायचं ठरवलं. प्लॅस्टिकची दोन नरसाळी, 10 सेंटिमीटर तोंडाची, तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडली. दोन सरळ बांबूच्या काठ्या. काठ्यांची जवळची टोकं पुस्तकांच्या चळतीवर 4 सेंटिमीटर उंच, फाकवलेली टोकं 6 सेंटिमीटर उंच. पहिल्या दिवशी नरसाळं जागचं हललं नाही. काठ्या पुरेशा फाकल्या नव्हत्या. मुलांनी त्या थोड्या थोड्या फाकवत नेल्या. चौथ्या की पाचव्या वेळी ते डुगडुगलं आणि हळूच वर निघालं. ओरडा इतका झाला की सर शेजारच्या वर्गातून धावत आले.

‘वर कसं जातं’ याचं उत्तर मी दिलं नाही. एका मुलाचे वडील गवंडी आहेत. त्याने सांगितलं की बाबा दोन ठिकाणची उंची जमिनीपासून मोजतात, डोळ्याने कधीच ठरवत नाहीत. तेव्हा नरसाळ्याच्या नळीचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे, ते पट्टीने मोजलं. सुरुवातीला 9 सेंटिमीटर. वर पोचल्यावर साडेसात. पुन्हा मोजलं, तेच. काठी 2 सेंटिमीटर चढली होती आणि नरसाळ्याचा मध्य दीड सेंटिमीटर उतरला होता. काठ्या जवळ असताना नरसाळं त्याच्या रुंद पोटावर टेकलेलं असतं. काठ्या फाकतात तसं ते आपल्या निमुळत्या टोकांकडे टेकत जातं आणि पोट दोन काठ्यांच्या मधे खाली बसतं. वस्तूचा भार उताराकडेच चाललेला असतो, चढ फक्त काठ्यांचा. हे शेवटचं वाक्य जवळपास जसंच्या तसं पाचवीतल्या एका मुलीचं आहे.

तिसरी फेरी

दिवाळीनंतर विज्ञान केंद्रात गेलो. तोवर जुनी पाचवी शाळेतून बाहेर पडली होती, पण त्यातली सहा मुलं माध्यमिक शाळेत सुट्टी मांडून आली. मिळून 17. या वेळी नियम असा : दोन तास, प्रत्येक गटाने तीनच उपकरणं निवडायची, आणि प्रत्येकापाशी निदान एक गोष्ट बदलून पाहायची. नरसाळं पिशवीतून बरोबर नेलं होतं.

शंकूपाशी मुलं बसलीच. तिथल्या मार्गदर्शकाला आधी वाटलं काही मोडलं. मुलांनी त्यांना पिशवीतलं नरसाळं दाखवलं, पट्टी मागितली आणि त्यांच्या शंकूचीही दोन्हीकडची उंची मोजली. तोही मधोमध खालीच उतरत होता. मार्गदर्शक मनापासून खूश झाले. मग त्यांनी कुजबुजीच्या तबकड्यांपाशी नेलं. समोरासमोर दूरवर उभ्या केलेल्या दोन मोठ्या खोलगट तबकड्या, एकीपाशी हळू बोललं की दुसरीपाशी कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. डिसेंबरात आम्ही यांच्यासमोरून धावत गेलो होतो. या वेळी गटातल्या एकीने कान तबकडीच्या मधल्या बिंदूपासून वीतभर बाजूला नेला आणि म्हणाली, “गेला आवाज.” परत आणला, “आला.” असं तिने किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. अडकित्त्यात कंटाळलेला मुलगा दुसऱ्या तबकडीपाशी होता आणि तिला तिकडून आकडे सांगत होता. एक ते वीस. तिने ऐकू आलेले कागदावर लिहिले, जागा बदलली, पुन्हा लिहिले.

परतल्यावर कागद लिहून घेतले नाहीत. पंधरा दिवसांनी, काही न सांगता, विचारलं की तुम्ही काय पाहिलं ते पहिलीच्या मुलांना सांगा. 17 पैकी शाळेत असलेल्या 11 जणांपैकी नऊ जणांनी वस्तू हातात घेऊन किंवा फळ्यावर काढून सांगितलं. तिघांनी तर व्हरांड्यातलं चिपटं-मापटंही मधे आणलं, जे कुठल्याच सहलीत नव्हतं.

या माघात पुन्हा केळकर संग्रहालयात जायचं आहे, या वेळी नव्या चौथीसाठी दिवे. घरोघरच्या समया आणि चिमण्या बाकावर येऊन बसल्या आहेत. कापसाच्या आणि दोऱ्याच्या वातींतून रंगीत पाणी कोणात लवकर चढतं, ते रोज सकाळी तपासणं चालू आहे. एका घरातून लामणदिवा आला आहे, पण त्याच्या साखळीची एक कडी गेली आहे. आजींच्या ओळखीचा एक कासार आठवडी बाजाराला भोरला बसतो. पुढच्या मंगळवारी दिवा त्याच्याकडे न्यायचा आहे, आणि कडी बसवताना बघायला चार मुलांना बरोबर न्यायचं आहे.